पारोसे देव

आई गेल्याला नऊ महिने झाले तरी मिस्त्रीच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं. लोकांना याचं कौतुक वाटे. किती खंबीर आहे, म्हणत. खंबीर वगैरे काही नव्हता तो, बधिर होता. दातांच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गालाला चिमटा काढला तरी कळत नाही, तसं त्याचं सगळ्याच अंगाचं झालं होतं. खायचा, कामाला जायचा, घरी यायचा, दिवा मालवून झोपायचा. त्याचं वजनसुद्धा उतरलं नव्हतं आणि याची त्याच्या आत्याला मनातून थोडी खंतच होती.

मिस्त्री हे त्याचं संग्रहालयातलं नाव. काम असं, की काचेच्या पेटीत जी वस्तू ठेवायची तिला मागून, खालून असा आधार करायचा, की वस्तू जागची हलू नये आणि आधार कुणाला दिसू नये. पितळेची पातळ पट्टी वाकवायची, तिच्यावर मऊ नळी चढवायची, वस्तूच्या रंगाचा हात द्यायचा. बावीस वर्षं तो हेच करत होता. पेटी बंद करून शेवटचे सहा स्क्रू पिळायचा मानही त्याचाच. "न हलू देणं हाच आपला धंदा," असं तो पूर्वी नव्या माणसांना सांगायचा. आता नवी माणसं त्याला फारसं काही विचारत नसत.

या सगळ्या बधिरपणात एकच जागा अशी होती जिथे सुई लागलेली नव्हती. ती सांगून टाकलेली बरी, कारण पुढचं सगळं तिच्याच भोवती आहे.

आईला दोन तारखेला सकाळी दवाखान्यात नेलं. तिची पूजा नुकतीच आटोपली होती. खुर्चीत घालून जिन्यावरून उतरवताना धाप लागलेल्या आवाजात ती एवढंच म्हणाली, "देवांना रोज आंघोळ घाल." तो म्हणाला, हो. दुसऱ्या दिवशी सकाळी खाटेशेजारी बसला तेव्हा तिने विचारलं, "घातलीस?" घातली नव्हती. पहाटे उठून डबा, औषधांच्या चिठ्ठ्या आणि दोन बसगाड्या या धावपळीत देव साफ विसरले होते. पण नाही म्हटलं असतं तर तिने नळ्या काढून घरी यायचा हट्ट धरला असता, म्हणून तो म्हणाला, "घातली." ती समाधानाने पाठ टेकून पडली.

तिसऱ्या दिवशी विसर नव्हता, नुसती लाज होती. काल केलं नाही तर आज कुठल्या तोंडाने करायचं. चौथ्या दिवशी लाजही राहिली नाही. खोट्याचं असंच असतं, पहिल्याला घाम फुटतो आणि पाचव्याला जांभई येते. रोज सकाळी ती विचारायची आणि रोज सकाळी तो "घातली" म्हणायचा. असे एकोणीस दिवस. एकवीस तारखेच्या दुपारी ती गेली. त्या दिवशी सकाळीही तिने विचारलं होतं, आणि त्या दिवशीही त्याने घातली होती.

पुढचे दहा दिवस सुतक. सुतकात देवांना हात लावायचाच नसतो, त्यामुळे तेवढे दिवस तो अधिकृतपणे सुटला. तेरावं आटोपलं, माणसं पांगली, आणि एका सकाळी तो बाह्या सरसावून देवघरासमोर उभा राहिला. ओट्याशेजारी भिंतीला ठोकलेलं, दोन हात रुंद लाकडी देवघर. आत चार देव. गणपती, महादेवाची पिंड, अन्नपूर्णा आणि एक रांगता बाळकृष्ण. रोजच्या आंघोळींनी बाळकृष्णाचं नाक झिजून सपाट झालेलं. आई लग्न होऊन आली तेव्हा त्याला नाक होतं, असं आत्या सांगे.

चौघांच्याही कपाळावर गंध होतं. वाळून पिवळंफटक पडलेलं, कडेने भेगाळलेलं, पण जागच्या जागी. दोन तारखेचं, आईच्या बोटाचं. पाणी पडलं असतं की गेलंच असतं. त्याने बाह्या खाली केल्या आणि देवघराची दारं लावून घेतली. आंघोळ न घातलेल्या माणसाला पारोसा म्हणतात. देव तसे पारोसे राहिले, ते नऊ महिने.

म्हणजे पेच असा होता. आंघोळ घालावी तर आईचा शेवटचा हात पुसला जाणार, न घालावी तर खोटं रोज एका दिवसाने मोठं होणार. असल्या पेचातून बधिर माणसाला एकच वाट सुचते. काहीच करायचं नाही.

अशात संग्रहालयाने एक नवं दालन काढलं. नाव 'श्रद्धांची ओळख'. सहा पेट्या, सहा धर्म. पाच भरल्या, हिंदूंची राहिली. गोदामात एक दगडी विष्णू होता खरा, पण साडेसहा फुटांचा. पेटीत बसवायचा तर गुडघ्यापासून खाली कापावा लागला असता. शिवाय दालनाच्या मॅडमना घरातलं काहीतरी हवं होतं. या मॅडम सगळ्या पाट्यांचा मजकूर लिहायच्या आणि एका पाटीला नव्वद शब्द हा त्यांचा नियम होता. जगबुडी झाली तरी त्या एक्क्याण्णवावा शब्द घालू देत नसत.

त्या कार्यशाळेत आल्या आणि लाकडाचा भुसा टाळत उभ्या राहिल्या.

"मिस्त्री, तुम्ही हिंदू ना?"

"आहे असं म्हणतात."

"मला दोन गोष्टी हव्यात. एक म्हणजे हिंदू धर्माची ओळख, नव्वद शब्दांत. मी लिहायला घेतलीय, पण काही प्रश्न तसेच राहिलेत, कुणीतरी आतल्या माणसाने तपासून पुरी करायला हवी. आणि दुसरं, कुणाच्या घरचे देव मिळतील का? पूजेत असलेले?"

"माझ्या घरी आहेत," मिस्त्री म्हणाला. "घेऊन जा."

इतक्या चटकन, की मॅडमनाच अवघडल्यासारखं झालं. "तुम्ही विचार करून सांगितलंत तरी चालेल."

"विचार झालेला आहे."

खरंच झाला होता, उभ्या उभ्या. काचेत धूळ नाही, ओल नाही आणि आंघोळीचा प्रश्नच नाही. गंध शंभर वर्षं टिकेल. घातलीस का, असं कुणी विचारणार नाही. सुंठीवाचून खोकला जाणार होता.

दुसऱ्या दिवशी त्याने देव उपरण्यात गुंडाळून, डब्याच्या पिशवीतून आणले. त्यांची तपासणी कापूसवालीकडे होती. वस्तू जतन करणारी ही बाई दिवसभर काडीला कापूस गुंडाळून कशाकशावरची धूळ टिपत बसे, म्हणून हे नाव. समोरासमोर मात्र तिला कुणी असं म्हणत नसे, कारण तिच्याकडे आम्लाच्या बाटल्याही होत्या. तिने भिंगातून बाळकृष्ण न्याहाळला.

"नाक झिजलंय. पण हे बघा, कपाळावर लेप आहे. चंदन का?"

"गंध."

"शाबूत आहे अगदी. हे मी असंच ठेवणार. वापराचा पुरावा आहे. मी सांगितल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही." मग तिने एक फॉर्म पुढे केला. वस्तूचं नाव, धातू, कुणाकडून मिळाली, आणि शेवटची ओळ: 'वापर शेवटी कधी'. "शेवटची पूजा कधी झाली ते लिहा. पाटीवरही तीच तारीख जाईल."

मिस्त्रीने आई गेली ती तारीख लिहिली. एकवीस. एकोणीस वेळा तोंडी झालं होतं, हे विसावं लेखी. मग फॉर्म परत सरकवला.

मग राहिले नव्वद शब्द. ते तपासण्याइतकं त्याला स्वतःला काही येत नव्हतं. लहानपणी आरतीला टाळ्या वाजवल्या आणि खडीसाखर खाल्ली, एवढंच त्याचं धर्मज्ञान. म्हणून त्याने जेवणाच्या सुट्टीत आत्याला फोन लावला. ही त्याच्या वडिलांची बहीण. वडील तो शाळेत असतानाच गेले, तेव्हापासून आत्या आणि आई या नणंदा-भावजया एकमेकींना धरून होत्या, मुख्यतः भांडायला कुणीतरी हवं म्हणून. आईच्या दवाखान्यात दुपारची पाळी आत्याची असे. नोकरी तिने टेलिफोनच्या ऑपरेटरची केलेली, त्यामुळे फोनवर तिचा आवाज प्रत्यक्षापेक्षा मोठा येई.

"नव्वद शब्द?" आत्या म्हणाली. "तेहेतीस कोटी देव आणि नव्वद शब्द? वाटून दिले तर एकेकाच्या वाट्याला वेलांटीसुद्धा यायची नाही. बरं, त्या बाईने काय लिहिलंय?"

"लिहिलंय की हा धर्म कुणी स्थापन केला ते निश्चित माहीत नाही."

"बरोबर आहे. कुणी सुरू केला माहीत नाही, त्यामुळे बंद कुणी करायचा हेही कुणाला माहीत नाही. पुढे?"

"मुख्य ग्रंथ कोणता, असं विचारतायत."

"एक कुठला सांगणार? वेद चार, उपनिषदं ढीगभर, गीता, पुराणं. आणि यातलं एक अक्षर न वाचताही माणूस हिंदूच राहतो. तुझंच उदाहरण दे."

तो हसला नाही. पूर्वी हसला असता, हे आत्याला पलीकडे कळलं आणि तिने चेष्टा सोडली. मग सावकाश बोलू लागली. तो पेन्सिलीने मापं टिपून घेतात तसं टिपत गेला. देव एकच, हाका मारायला नावं अनेक. कुणी म्हणतं त्याला रूपच नाही, कुणी त्याला रांगतं बाळ करून लोणी भरवतं, आणि दोघांचंही बरोबर मानायचं. आत्मा मरत नाही, घर बदलतो. केलेलं कर्म मात्र बरोबर नेतो, ते दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. हे येणंजाणं थांबलं की मोक्ष.

"आणि तोवर धर्म," आत्या म्हणाली.

"धर्म म्हणजे नक्की काय लिहू?"

"ज्याच्या वाट्याला जे काम आलंय ते त्याने न टाळता करणं. बाकी सगळं त्याच्यावरचं नक्षीकाम."

त्याने तेही लिहिलं. शब्द मोजले. बावन्न झाले होते.

"मूर्तीची पूजा कशासाठी, हे विचारलंय."

"अरे, पाहुणा आहे तो. आलेल्या पाहुण्याचं काय करतो आपण? बसायला देतो, पाय धुवायला पाणी देतो. तसंच. आसन, आंघोळ, वस्त्र, गंध, फूल, धूप, दिवा, जेवण. अशा सोळा पायऱ्या आहेत. आणि सगळं झालं की माफी मागायची."

"कशाची?"

"राहिलं त्याची. बोलवायचं कळत नाही, पुजायचं कळत नाही, निरोप द्यायचं कळत नाही, चुकलंमाकलं पदरात घे, असं म्हणायचं. पूजा कितीही नीट केलेली असू दे, हे म्हणायचंच. माणूस चुकणार हे धरूनच सगळं बांधलंय रे."

इथे त्याची पेन्सिल थांबली. हे वाक्य त्याने लिहिलं नाही.

"देव कुणाचे ठेवतायत पेटीत?" आत्याने विचारलं.

"आपले."

टेलिफोनच्या नोकरीत बत्तीस वर्षं काढलेल्या बाईचा आवाज फोनवर पहिल्यांदाच लहान झाला.

"वहिनीचे," ती म्हणाली. "बरं. घर तुझं, देव तुझे. तुझ्याच्याने होत नसेल तर उगाच पारोसे ठेवण्यापेक्षा दिलेले बरे. पण बसलेले देव असे उचलून काचेत नाही घालता येत. त्यांना निरोप द्यावा लागतो. पेटी बंद कधी?"

"गुरुवारी."

"येते मी."

गुरुवारी अकराला आत्या आली. पायात कापडी बूट, हातात पिशवी, पिशवीत ताम्हन, तांब्या, पळी, सहाण, चंदनाचं खोड, तांदळाची पुडी आणि घरच्या कुंडीतली चार पांढरी फुलं. दारावरच्या पहारेकऱ्याने खोड काय आहे विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "लाकूड आहे. तुमच्याकडे आत याहून जुनं असेल." कापूसवालीने आधीच अटी घातल्या होत्या. दिवा नाही, उदबत्ती नाही, फुलं वेगळ्या ताटात, पाणी तिच्या बाटलीतलं शुद्ध केलेलं. आत्याने सगळं ऐकून घेतलं. "दिव्यावाचून होतं. उजेड आहेच तुमच्याकडे भरपूर," ती म्हणाली. मॅडम वहीपेन घेऊन एका बाजूला उभ्या राहिल्या. चित्रीकरण करू का, असं त्यांनी विचारलं. आत्या म्हणाली, करा, पण मध्ये बोलू नका.

टेबलावर पांढऱ्या फोमवर चार देव मांडले होते. आत्याने चष्मा लावला, वाकून पाहिलं, आणि चष्मा काढला.

"पारोसे आहेत. आधी आंघोळ."

"आंघोळ नाही करता येणार," कापूसवाली म्हणाली. "तो लेप आम्हाला हवाय. नऊ महिन्यांपूर्वीच्या शेवटच्या पूजेचा आहे. एकदा गेला की गेला."

"अहो बाई, पाहुण्याला पारोशाने निरोप देतात का? आमच्याकडे गंध ठेवायचं नसतंच. आजचं उद्या धुवायचं आणि नवं लावायचं. वहिनीने एक्केचाळीस वर्षं हेच केलं. रोज आपल्याच हातचं आदल्या दिवशीचं पुसून टाकायची. तेवढं ठेवत बसली असती तर आज मूर्ती दिसलीच नसती, नुसतं चंदन दिसलं असतं."

मॅडमनी हे वहीत लिहून घेतलं. कापूसवालीने मिस्त्रीकडे पाहिलं. देव त्याचे होते, त्याने सांगायचं होतं. मिस्त्री म्हणाला, "राहू दे, आत्या. आंघोळ नको. तांदूळ टाकून निरोप दे."

"का नको?"

"त्यांना हवंय ते गंध."

"त्यांना हवंय. तुला काय झालं?" आत्याने त्याच्याकडे वळून पाहिलं. "हे गंध तर तुझ्या हातचं. वहिनी दोन तारखेला गेली दवाखान्यात. तिथून पुढे एकवीसपर्यंत तूच करत होतास सगळं. स्वतःच्याच हातचं पुसायला एवढं जड का जातंय तुला?"

इथेही हो म्हणता आलं असतं. एकविसावं खोटं. तोंडाशी आलंसुद्धा होतं, आणि बाहेर पडायला काही कष्ट नव्हते, वाट चांगली मळलेली होती. पण हो म्हटलं तर ते गंध पुसावं लागणार होतं. नाही म्हणायला काही कारण हवं होतं, आणि खऱ्याखेरीज दुसरं कारण त्याच्यापाशी नव्हतं.

"माझ्या हातचं नाही," तो म्हणाला. "आईच्या हातचं आहे. दोन तारखेचं. मी एकदाही घातली नाही आंघोळ."

आत्याला आधी कळलंच नाही. "एकदाही म्हणजे?"

"ती रोज विचारायची. मी रोज घातली म्हणायचो. एकोणीस दिवस. घातली नव्हती."

मॅडमनी वही मिटली. कापूसवाली हातमोज्यांकडे बघत राहिली. मिस्त्रीने दुसऱ्याच कुणाची तरी तक्रार सांगावी तशा आवाजात हे सांगितलं होतं, आणि सांगून झाल्यावर त्याला हलकंही वाटलं नाही. हलकं वाटेल, असं कुठेतरी त्याने धरलं होतं.

आत्या खुर्ची ओढून बसली. बराच वेळ ती ताम्हनाच्या काठावरून अंगठा फिरवत होती.

"सगळ्या वॉर्डाला सांगायची ती," आत्या म्हणाली. "सुया टोचायला येणाऱ्या पोरींना, शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला, लादी पुसणाऱ्या बाईला. माझा मुलगा पहाटे उठून देवांना आंघोळ घालून येतो, म्हणायची. मला दहादा तरी सांगितलं असेल. मला राग यायचा, की आम्ही दुपारभर बसतो त्याचं काही नाही, आणि मुलाचं मात्र कौतुक."

मिस्त्री उभाच होता. हे त्याला माहीत नव्हतं. हे कुठेतरी आत जाऊन पडलं, पण पडल्याचा आवाज आला नाही.

"तुला शिव्या द्याव्यात असं वाटतंय," आत्या म्हणाली, "पण चार परकी माणसं आहेत." चार नव्हती, दोनच होती. मग तिने तांब्या त्याच्याकडे सरकवला. "घाल आता. माझ्या हातून नाही व्हायचं ते. काम तुझं होतं."

कापूसवाली काहीतरी बोलणार होती. तिने बोलायच्याऐवजी आपली शुद्ध पाण्याची बाटली उघडली आणि तांब्यात पाणी ओतलं.

मिस्त्रीने हातमोजे काढले. आधी गणपती ताम्हनात ठेवला, वरून धार धरली. नुसत्या पाण्याने गंध निघालं नाही. नऊ महिन्यांचं वाळलेलं होतं ते. अंगठ्याने चोळावं लागलं. बावीस वर्षं वस्तूंना उघडा हात न लावता काम करायची सवय त्याची, आणि आता अंगठ्याखाली कपाळ, डोळे, सोंड असं सगळं लागत होतं. भेगा पडलेलं चंदन आधी मऊ झालं, मग सुटलं, मग पाण्यात एक पिवळट रेघ उठली आणि विरघळली. मग पिंड. मग अन्नपूर्णा. शेवटी बाळकृष्ण. त्याच्या सपाट नाकावरून अंगठा अडखळल्याशिवाय गेला. ही वाट पाडायला आईला एक्केचाळीस वर्षं लागली होती. एकोणीस दिवसांनी तिच्यात काय फरक पडला असता, असंही त्याच्या मनात आलं. पण ही पळवाट आहे हे त्याला लगेच कळलं आणि त्याने ती सोडून दिली.

त्याने देव पुसले, सहाणेवर चंदन उगाळलं आणि आत्याने दाखवलं तसं अनामिकेने प्रत्येकाला लावलं. गणपतीचं जरा वाकडं लागलं. पुसून परत लावू का, असं त्याने विचारलं. आत्या म्हणाली, असू दे. फुलं वेगळ्या ताटात ठेवली आणि ताट देवांकडे सरकवलं.

मग आत्याने पळीभर ताम्हनातलं पाणी त्याच्या तळहातावर घातलं. देवाच्या आंघोळीचं पाणी हे तीर्थ, ते प्यायचं असतं.

"ते पिऊ नका," कापूसवाली म्हणाली. "पितळेचा अंश असतो त्यात. लेपात काय काय असेल कुणास ठाऊक."

"काय असेल ते त्याला ठाऊक आहे," आत्या म्हणाली.

मिस्त्री प्यायला. चवीला काहीच नव्हतं. त्याने ओठ पुसले आणि रिकाम्या हाताने उभा राहिला.

"आता माफी माग. माझ्यामागून म्हण." आत्या एकेक तुकडा सांगत गेली आणि तो म्हणत गेला. बोलवायचं कळत नाही. पुजायचं कळत नाही. निरोप द्यायचं कळत नाही. राहिलं ते पदरात घे. त्याचा आवाज सपाट होता. मग आत्याने तांदूळ हातात दिले. "चौघांवर टाक आणि प्रत्येकाला जागेवरून तसूभर हलव. तेवढं हललं की ते निघाले. आणि 'जा' म्हणायचं नाही. परत या, म्हणायचं."

वस्तू हलू न देण्यावर ज्याचं पोट होतं, त्या माणसाने चार देव एकेक करून तसूभर हलवले आणि चारदा परत या म्हणाला. आत्याने नमस्कार केला, डोळ्यांना पदर लावला आणि ताम्हन, तांब्या पुसून पिशवीत भरायला लागली.

"झालं?" मॅडमनी हळूच विचारलं.

"झालं. आता पितळ आहे. काय करायचं ते करा."

मिस्त्रीने फॉर्मवरची एकवीस तारीख खोडली. 'वापर शेवटी कधी' याच्यापुढे त्या दिवशीची तारीख लिहिली आणि सही केली. मॅडमची पाटी त्यामुळे परत छापावी लागणार होती, आणि त्यांनी नवी तारीख वहीत उतरवून घेतली. दुपारी त्याने आधार चढवले, देव पेटीत बसवले, एकही आधार दिसणार नाही असे. सहा स्क्रू पिळले. काम चोख झालं होतं. जाताना आत्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "जेवून घे काहीतरी." तो जेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीपेक्षा लवकर उठला. का, ते त्याला कळलं नाही. दात घासले, तोंड धुतलं, स्वयंपाकघरात आला आणि सवयीने चहाचं भांडं घ्यायच्याऐवजी फडताळातून एक छोटा तांब्या काढला. तो नळाखाली धरला. काल ज्या अंगठ्याने चोळलं होतं त्याच अंगठ्यावरून पाणी ओसंडायला लागलं तेव्हा त्याने नळ बंद केला आणि भरला तांब्या घेऊन वळला.

भिंतीवर देवघराची दारं उघडी होती. आत लाकडावर चार गोल डाग होते.

तो तिथे उभा राहिला. हातातलं पाणी हलायला लागलं, म्हणून त्याने दुसरा हातही लावला, तरी ते हलतच राहिलं. आता घरात ज्याला आंघोळ घालावी असं कुणीच उरलं नव्हतं. तांब्या ओट्यावर ठेवायचंही त्याला सुचलं नाही. तो तसाच खाली फरशीवर बसला, पाणी मांडीवर सांडलं, आणि नऊ महिन्यांनी, एकदाचं, त्याला रडू फुटलं.